पाठीवरची नावे

मित्रांनो, माझ्या पाठीवर तीन नावे आहेत आणि सत्तर वर्षे ती कोणी वाचली नव्हती. मी एक जुने पितळी ताट आहे.

कोकणात, रेवदंड्याजवळच्या एका कासाराने मला घडवले. पत्रा ठोकून त्याने काठ वळवला आणि काठालगत छिन्नीने ठिपका ठिपका देत पहिले नाव घातले : शेगुलाबाई हसाजी. ही नवी सून ज्या घरी गेली, ते तेल्यांचे घर होते. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. ते यहुदी होते; शुक्रवारच्या दिवेलागणीपासून शनिवारभर त्यांचा विसावा असे. आपले पूर्वज फुटलेल्या गलबतातून या किनाऱ्याला लागले, असे शेगुलाबाई मुलांना सांगे. त्याआधी ते कुठे होते, असे कोणी विचारले तर म्हणे, "ते पाण्यालाच ठाऊक."

घरात काही चांगले घडले की माझ्यावर मलिदा रचला जाई. भिजवलेले पोहे, साखर, ओले खोबरे, वेलची आणि वर फळे. प्रेषित एलियाहू हन्नाबीचे नाव घेऊन प्रार्थना होई आणि मग सगळ्यांच्या ओंजळी पुढे येत. माझे सुखाचे दिवस तेच.

शेगुलाबाईचा मुलगा रहमिम रेल्वेत इंजिनावर कोळसा टाकणारा फायरमन झाला. त्याच्याबरोबर मी दौंडला आले आणि माझ्यावर दुसरे नाव पडले : रहमिम हसाजी. त्याचे लग्न झाले, मुलगी झाली. तिचे नाव मिल्का. ती आठ दिवसांची असताना तिची आई वारली.

त्या वर्षांत दौंडची यहुदी कुटुंबे एकेक करून इस्राएलला निघाली होती. रहमिमही निघाला. तिकडे घर मिळणार की तंबू, हे ठाऊक नव्हते, म्हणून तीन वर्षांच्या मिल्काला त्याने शिरूरजवळच्या निमोणे गावच्या बापूसाहेबांकडे ठेवायचे ठरवले. बापूसाहेब भाजीच्या पाट्या घेऊन दौंड स्टेशनवर येत. तिथली त्यांची मैत्री. निघण्याच्या आदल्या दिवशी रहमिमने मला बाजारात नेऊन तिसरे नाव घालून घेतले आणि बापूसाहेबांच्या बायकोच्या, मुक्ताबाईंच्या हाती दिले.

"वर्षभरात येतो, वहिनी. पोर आणि ताट, दोन्ही सांभाळा."

तो आला नाही. दोन पत्रे आली, मग तीही थांबली. का, ते मला आजही माहीत नाही.

मुक्ताबाईंनी शब्द पाळला. शुक्रवारी दिवे लागायच्या वेळी त्या मिल्काच्या हातून दिवा लावून घेत. मला चिंचेने घासत. दर दिवाळीला कल्हई करून घेत. निखाऱ्यावर मी तापले की नवसागराचा धूर उठे आणि कल्हईवाला बोळ्याने कथील फिरवी. मुक्ताबाईंना वाचता येत नव्हते. काठालगतचे ठिपके त्यांना मळ साचणारे खड्डे वाटत. "तिथं जरा दाबून फिरवा," त्या सांगत. पहिल्या वर्षी शेगुलाबाई बुजली, दुसऱ्या वर्षी रहमिम, तिसऱ्या वर्षी मिल्का. मी चांदीसारखे चकाकू लागले. शेजारणी माझे कौतुक करत.

गावात रहमिमला 'इंजीनवाले पाव्हणे' एवढेच म्हणत. नाव बापूसाहेबांना माहीत होते, पण मिल्का सहा वर्षांची असताना ते गेले. कोनाड्यातली पत्रे वाळवीने खाल्ली. शाळेत मिल्काच्या नावापुढे बापूसाहेबांचेच नाव लागले. तिनेही कधी विचारले नाही. संध्याकाळी दिवा लावताना ती माझ्यात स्वतःचा चेहरा पाहत बसे. तिच्या बापाचे नाव तिच्या हनुवटीखाली, कथलाआड असे. मला ते ठाऊक होते. पण ताटाला कोण विचारतो?

पुढे मिल्का शिरूरला शिक्षिका झाली. तिथेच तिचे लग्न झाले, राजनंदिनी ही मुलगी झाली. मला मात्र तिने नेले नाही. "इथंच राहू दे, आई," ती मुक्ताबाईंना म्हणाली. "कोणी आलंच, तर इथंच शोधील." त्या घरात ती या विषयावर बोलली ती तेवढीच.

मुक्ताबाई गेल्या. घरात स्टीलची भांडी आली आणि मी माळ्यावर गेले. तिथे मी वर्षे मोजली नाहीत.

गेल्या वर्षी मिल्का गेली. पुण्याच्या यहुदी दफनभूमीत तिला जागा मिळाली. वर्ष भरत आले तेव्हा राजनंदिनी निमोण्याला आली आणि मुक्ताबाईंच्या सुनेपुढे, भागुबाईंपुढे बसली.

"मामी, आईच्या दगडावर तिच्या वडिलांचं नाव हवंय. तिच्या लोकांत अमक्याची मुलगी असंच लिहितात. शेवटी तिनं तेवढंच मागितलं. दगड वर्षाच्या आत बसवतात, आणि वर्ष संपायला पंधरा दिवस राहिलेत."

"नाव कुठलं आणू, बाई? आत्याबाई तर पाव्हणंच म्हणायच्या." सासूला भागुबाई आत्याबाई म्हणत. "तुझी आई शनवारी खुरपं हातात घ्यायची न्हाई. आत्याबाई म्हणायच्या, आमच्या बैलांना सोमवारी सुट्टी आन् ह्या पोरीला शनवारी. जुंपाया गेलं तर बैल निदान शिंगं तरी उगारतो, ही नुसती बघत ऱ्हाती."

राजनंदिनी हसली.

"ती ठेव तरी घिऊन जा," म्हणत भागुबाईंनी मला माळ्यावरून काढले आणि चिंच भिजवायला घेतली.

"राहू द्या, मामी. मी घासीन घरी."

"राहू द्या कसं? दुसऱ्याची ठेव. काळं ताट कुणी हाती देतं व्हय?"

माझी पाठ त्या घरात कोणी कधी घासली नव्हती. पाठ कोण पाहतो? पण आज मला परत द्यायचे होते, म्हणून भागुबाईंनी मला उलटे केले आणि मूठभर चिंच पाठीवर ठेवली. मी हलू नये म्हणून राजनंदिनीने काठ धरला. तिचे बोट थांबले.

"मामी, थांबा."

छिन्नीचा प्रत्येक घाव माझ्या पाठीवर बारीक उंचवटा होऊन उरला होता. राजनंदिनीने चिंच पुसली. पिशवीतून एक कागद काढला. त्यावर दगडाचा मजकूर होता : 'मिल्का, मुलगी', आणि पुढे रिकामी जागा. तोच कागद तिने माझ्या पाठीवर पसरला आणि पेन्सिल आडवी धरून हलके फिरवली. ठिपके उमटले, पण अक्षरे उलटी. दारात जाऊन तिने कागद उन्हापुढे धरला आणि दुसऱ्या बाजूने वाचला.

"शेगुलाबाई हसाजी. रहमिम हसाजी." तिने बोट पुढे सरकवले. "मिल्का रहमिम."

सत्तर वर्षांनी कोणीतरी रहमिमचे नाव मोठ्याने घेतले होते.

"पाव्हण्यांना नाव व्हतं म्हणायचं," भागुबाई हळू म्हणाल्या. त्यांनी भिजलेल्या चिंचेकडे पाहिले. "आम्हीच घासलं की, बाई. इतकी वर्सं."

"तुम्ही जपलं, मामी."

"पोरीचं नाव घालून गेला म्हंजी यायचं व्हतं त्याला."

राजनंदिनीने मान हलवली आणि कागद घडी न करता छातीशी धरला.

मित्रांनो, आता दगड बसला आहे. 'मिल्का, मुलगी रहमिमची'. आणि मी शिरूरला आहे. घरातल्या जुन्या वस्तू जरूर जपा. पण लख्ख करण्याआधी एकदा त्या उलट्या करून पाहा, आणि नावे सांगणारे कोणी घरात अजून असेल तर आधी त्यांच्याजवळ बसा.

शुक्रवारी संध्याकाळी राजनंदिनी माझ्यापुढे दिवा लावते. शिरूरला रेल्वे नाही, तरी मी कान देऊन असते. रहमिम आज असता तर शंभरी ओलांडून गेला असता, हे मलाही कळते. पण ठेव ही धनी येईपर्यंत ठेवायची असते. तोवर माझी पाठ तेवढी घासू नका.