थांबायचं अंतर

आजोबांनी मांडलेली छोटी रेल्वे बाबांकडे आली आणि बाबांनंतर माझ्याकडे. प्लायवूडचं खाटेएवढं टेबल, दोन स्टेशनं, एक पूल, एक बोगदा, एक झाड आणि टेबलाखाली वायरींचा गुंता. सगळ्या वायरी लाल.

"तुझ्या बाबाला सगळं पाठ होतं ना," आत्या म्हणाली. "रंग कशाला लागतात, म्हणायचा. आता बस शोधत."

लहानपणी वायरी बाबा जोडायचे आणि गाडी आत्या चालवायची. ड्रायव्हर तीच, यावर घरात कधी वाद झाला नाही. आम्ही दोघींनी रूळ स्पिरिटने पुसले, मी इंजिनातला केसांचा गुंता चिमट्याने ओढून काढला, तिने बोगद्यावरच्या खचलेल्या टेकडीला प्लॅस्टर थापलं. गाडी फिरायला लागल्यावर मी वेगाच्या गुंडीची पेटी तिच्यापुढे सरकवली, तर तिने दोन्ही हात मांडीखाली घातले.

"तूच चालव. हात कापतो गं माझा."

हे ती इतक्या सहज म्हणाली, की आधीच घोकून आली असावी. मी हट्ट धरला. तिने गुंडी धरली आणि गाडी उचकी लागल्यासारखी धावली. मागचा डबा रुळावरून उतरला.

"झाली हौस?" असं म्हणून ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती यायच्या आत मी गुंडीच्या मागे एक कपॅसिटर जोडला. आता गुंडी थरथरली तरी गाडीकडे जाणारी वीज सावकाश बदलणार होती. बारीक कंप मधल्यामधे विरणार होता. तिला काही सांगितलं नाही. हाताचा विषय कशाला काढा?

"एक स्क्रू सैल होता," मी म्हणाले. "बघ आता."

गाडी तेलाच्या धारेसारखी सुटली. आत्याचा चेहरा फुलला. स्टेशन आलं, तिने गुंडी शून्यावर आणली, आणि गाडी फलाट ओलांडून हातभर पुढे जाऊन थांबली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा तिने गुंडी सोडली.

"हात गेला ते चाललं असतं," ती हळू म्हणाली. "अंदाजही गेला वाटतं."

माझं मेलं शहाणपण! मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. "तुझा अंदाज बरोबर आहे आत्या. गाडीच बदलली आहे."

आता बोलणी खावी लागणार, असं वाटलं. खाल्लीच.

"म्हणजे माझ्या पाठीमागे गाडी जड केलीस, आणि वर मला वाटू दिलंस की मी कामातून गेले?"

"चुकलं. काढून टाकू?"

"हात तर लावून बघ! खऱ्या गाड्याही अशाच थांबतात की. आधी नाही सांगायचं, शास्त्रज्ञबाई? किती अलीकडे गुंडी फिरवायची?"

"ते वेगावर आहे. गणित मांडून—"

"गणित ठेव तुझ्यापाशी."

तिने चष्मा चढवला. पुलापाशी गुंडी फिरवली तर गाडी अलीकडेच अडली. झाडापाशी फिरवली तर पुढे गेली. मग एका फेरीला, गाडी बोगद्यात दिसेनाशी झालेली असताना, तिने कापत्या हाताने गुंडी शून्यावर आणली आणि थांबून राहिली. गाडी बाहेर आली, रेंगाळली, आणि इंजिन फलाटाच्या अगदी टोकाशी उभं राहिलं.

"उतरा सावकाश, ढकलाढकल नको," आत्या रिकाम्या डब्यांना म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता तिने गुंडीची पेटी स्वतःकडे आणखी जवळ ओढून घेतली.