वरच्या खुणेपर्यंत

गाडीच्या इंजिनातलं ऑइल मोजायच्या पट्टीच्या टोकाला दोन खुणा, एक वरची, एक खालची, आणि ऑइल आत्ता वरच्या खुणेला टेकलेलं — अगदी शिगोशीग, केसाचाही फरक नाही. त्याने पट्टी फडक्याने पुसली, पुन्हा नळीत खुपसली, तीन आकडे मोजले, बाहेर काढून उजेडात आडवी धरली. तेच. काळपट, चकचकीत, वरच्या खुणेवर. हे होणं शक्य नव्हतं. तिसऱ्यांदा पट्टी पुसताना त्याला स्वतःचंच हसू आलं, कारण लॅबमध्ये हाताखालच्या लोकांना तो हेच सांगत आला होता, की नको असलेला आकडा आला की माणूस तीनदा तपासतो आणि हवा असलेला आला की एकदाच... आणि आता हा आकडा आपल्याला हवा आहे की नको, हेच त्याला कळेना.

तेवीस दिवसांपूर्वी वर्कशॉपवाल्यांनी इंजिनात वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरलं होतं. भरायच्या झाकणावर आणि इंजिनाखालच्या बोल्टवर पिवळ्या रंगाचा एकेक ठिपका दिला होता, म्हणजे कुणी उघडलं तर रंग तुटेल आणि कळेल. मग बजावलं होतं, की हजार किलोमीटर चालवा, मध्ये थेंबभरही घालू नका, आणि घेऊन या. आम्ही मापाने पुन्हा भरू, जेवढं मावेल तेवढं गाडी प्यायली असं धरायचं. मर्यादेच्या वर गेलं तर वॉरंटीत इंजिन उघडून दुरुस्त करून देणार, नाही गेलं तर गाडी ठणठणीत, नमस्कार. वॉरंटी परवा संपत होती. आज बाराची वेळ होती. स्वतःच्या खर्चाने इंजिन उघडायचं तर त्यापेक्षा गाडी विकलेली बरी, आणि गाडी नाही म्हणजे पाच सेंटरांवरून रक्ताचे नमुने गोळा करत फिरायचं त्याचं काम गेलं, पुन्हा त्या बिनखिडकीच्या खोलीत यंत्रासमोर बसणं आलं. तेव्हा आज पट्टी खालच्या खुणेजवळ असायला हवी होती. वर्षभर ती दर रविवारी तशीच असायची; या तेवीस दिवसांत मात्र त्याने तिला मुद्दाम हात लावला नव्हता. बायको म्हणायची, गाडीला जितक्या वेळा विचारतोस कशी आहेस, तितक्यांदा मला विचारलंस तर दागिने नकोत मला.

त्याने पट्टी नाकाशी नेली. पेट्रोलचा वास नाही. पाणी मिसळलं तर ऑइल दुधट होतं, तसंही नाही. मग क्षणभर — खोटं कशाला बोलू — मला आनंद झाला. वाटलं, झाली की बरी. आपोआप. लोखंडाचं इंजिन आपोआप बरं होत नाही हे मला शाळेपासून माहीत आहे, पण त्या क्षणी ते माहीत असणं कुठंतरी मागं राहिलं आणि पुढं नुसती सुटका उभी राहिली. अशी सुटका त्याने रोज पाहिलेली होती, रिपोर्ट घ्यायला आलेल्या नातेवाइकांच्या चेहऱ्यावर, आणि त्यांची त्याला नेहमी थोडी कीव यायची.

झाकणावरचा पिवळा ठिपका शाबूत होता. म्हणजे झाकण उघडलेलं नाही. आणि झाकण न उघडता ऑइल आत जायची एकच वाट होती, जिच्यात त्याने आत्ता पट्टी धरलेली होती ती. बोटभर रुंदीची नळी, तिच्यातून ऑइल घालायचं सुचायला एक तर माणूस वेडा हवा किंवा एकतीस वर्षं बस चालवलेला.

बाबा वर चहा पीत बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर, पण सकाळी सहाला खाली उतरून ऑइल, पाणी, चाकांतली हवा बघितल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नाही. डेपोतली सवय, आता डेपो नाही तर मुलाची गाडी. ऑइल घालायचं नाही हे त्यांना त्याने चारदा सांगितलं होतं, चौथ्यांदा जरा आवाज चढवून. आता त्याने आवाज चढवला नाही. नुसतं विचारलं. बाबांनी ताकास तूर लागू दिली नाही असंही नाही; कप खाली ठेवला, मिशी पुसली आणि हो म्हणाले. पट्टीच्या नळीतून. थोडं थोडं. कशाने? तर त्यांनी न्हाणीघराकडे मान वळवली. खिडकीच्या कट्ट्यावर, दाढीच्या ब्रशशेजारी, पन्नास मिलीची जाड सिरिंज धुऊन पालथी घातलेली होती.

ती सिरिंज त्याच्या ओळखीची होती. त्यानेच लॅबमधून आणलेली.

"खाली खाली जाताना बघायचं आणि गप्प बसायचं," बाबा म्हणाले, "हे मला जमत नाही."

किती घातलं, हा खरा प्रश्न होता, आणि तो विचारताना त्याला वाटलं, आता हे आठवत बसतील, पंधरा म्हणतील, नाही वीस म्हणतील, आणि सगळं मुसळ केरात. बाबांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. तारखांच्या चौकोनांत पेन्सिलीच्या बारीक फुल्या होत्या, कुठं एक, कुठं दोन. त्या फुल्या त्याने महिनाभर पाहिल्या होत्या, ब्लडप्रेशरच्या गोळ्यांच्या असतील असं धरून. अठरा. अठरा गुणिले पन्नास, नऊशे. नऊशे मिली हे त्याच्या गाडीच्या भुकेला अगदी साजेसं होतं. बाबांनी तिला जेवढं हवं होतं तेवढंच भरवलं होतं, थेंब कमी नाही, थेंब जास्त नाही.

मग जे त्याने ठरवलं ते ठरवायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. अठरा घातल्या, अठरा काढायच्या. लॅबमध्ये असं चालत नाही. हात लागलेला नमुना फेकून द्यायचा, वर लिहायचं 'अयोग्य', नवा घ्यायचा. पण नव्याला दिवस नव्हते. आणि यात खोटं काय होतं? काढून टाकल्यावर पट्टी जे दाखवेल तेच तिने दाखवायला हवं होतं. खोटं होतं ते आत्ता इंजिनात होतं. त्याने ते दोनदा मनात म्हणून पाहिलं आणि दोन्ही वेळा ते बरोबर निघालं.

ओढून घ्यायला लांब बारीक नळी हवी होती, म्हणून तो कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेला. नाकातून घालायची, पोटात जाणारी नळी द्या म्हणाला. दुकानदाराने कितवा नंबर विचारला. "सोळा," तो म्हणाला, विचार न करता, आणि मग जरा उभाच राहिला, कारण हा सोळा कुठून आला ते त्याला दुकानदार मागं वळून खोके धुंडाळत असताना कळलं.

...आईच्या नाकातली नळी सोळा नंबरची होती. चौदा महिने. दर दोन तासांनी पातळ केलेलं अन्न सिरिंजने सोडायचं, आणि ते बाबाच करायचे, नर्सला हात लावू द्यायचे नाहीत. सिरिंज वर धरून, दट्ट्या न दाबता, आपसूक उतरू द्यायचे, आणि एक झाली की कॅलेंडरवर फुली. तो संध्याकाळी यायचा तो रिपोर्ट घेऊन. हिमोग्लोबिन नऊ पॉइंट एक. आठ पॉइंट चार. सात पॉइंट दोन. लॅबमधले लोक त्याला 'पॉइंट' या टोपणनावाने हाक मारतात ते उगाच नाही. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, की पोट आता काही घेत नाही, घातलेलं वर येतंय आणि छातीत उतरतंय, आपण तिला भरवत नाही आहोत, बुडवतो आहोत. त्याने प्रश्न विचारले. उत्तरं बरोबर होती. बाबांना त्याने आंघोळीला घरी पाठवलं होतं, मुद्दाम नव्हे... मुद्दामच. कागदावर 'रुग्णाशी नाते' या रकान्यात त्याने 'मुलगा' लिहिलं आणि सही केली. बाबा परत आले ते पुढच्या वेळचं अन्न भरलेला थर्मास घेऊन. आईच्या नाकात नळी नव्हती. डॉक्टरांनी बंद केलंय, एवढं एकच वाक्य मी बोललो. बाबांनी मान डोलावली, थर्मास कपाटावर ठेवला, सिरिंज बेसिनमध्ये धुतली. तिसऱ्या दिवशी आई गेली. त्या वाक्याला आता दोन वर्षं होतील, आणि बाबांनी त्यावर अजून एक शब्द काढलेला नाही.

"पेशंट घरीच आहे का?" दुकानदाराने विचारलं. तो हो म्हणाला.

खाली गाडीपाशी बाबा डबा घेऊन उभे राहिले, न सांगता. ऑइल घट्ट होतं, नळीतून सावकाश यायचं, एकेका सिरिंजला मिनिटभर. दट्ट्या ओढून ओढून त्याचा अंगठा दुखायला लागला. बाबा मोजत होते, मोठ्याने, सपाट आवाजात, डेपोत कुणी मोजावं तसं. सहा. सात. शेजारच्या बाईंनी जाता जाता विचारलं की काय चाललंय, तेव्हा बाबा म्हणाले, चिरंजीव रक्त काढतायत, सवयच आहे त्यांना. बाई हसून गेल्या. तोही हसला. बारा. तेरा. चौदाव्याला बाबांच्या हातातला डबा कलला आणि थोडं ऑइल त्यांच्या चपलेवर सांडलं. त्यांनी ते पाहिलं नाही, किंवा पाहून सोडून दिलं. अठरा. त्याने पट्टी पुसली, घातली, काढली. खालच्या खुणेच्या दोन दोरे वर. त्याने मनात जिथं धरलं होतं तिथंच. बाबांचा एकही आकडा चुकलेला नव्हता.

एवढ्यावर गाडी न्यायची नाही, बाबा म्हणाले. चालतंय, खुणेच्या वर आहे, तो म्हणाला. मग बाबा चपला न बदलता पुढच्या सीटवर बसले, कान इंजिनाकडे लावून. चढावर एकदा त्यांनी डॅशबोर्डवर पंजा ठेवला आणि चढ संपेपर्यंत तिथंच राहू दिला.

वर्कशॉपमध्ये काम बघणारी बाई तिशीची, कडक इस्त्रीची, फाइल छातीशी धरलेली. मेकॅनिकने ठिपके तपासले, शाबूत आहेत म्हणाला. मग झाकण उघडून मापाच्या भांड्याने ऑइल ओतायला लागला, थोडं ओतायचा, थांबायचा, पट्टी बघायचा. बाबा अगदी जवळ जाऊन उभे राहिले. ऑइल आत जाताना त्यांचा चेहरा सैल होत गेला, आणि ते पाहून त्याला उगाचच वैताग आला... नऊशे वीस. बाईंनी आकडा लिहिला. मर्यादेच्या बराच वर आहे सर, म्हणाल्या, काम होईल, आजच मंजुरीला पाठवते, तुम्ही फक्त इथं सही करा. त्या काचेच्या केबिनमध्ये घेऊन गेल्या. तीन खुर्च्या, एक टेबल, पाण्याचा ग्लास.

कागदावर सहीच्या वर एकच ओळ होती. चाचणीच्या काळात इंजिनात ऑइल घातले अथवा काढले गेले नाही, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो.

त्याने ओळ वाचली. सही केली तर इंजिन दुरुस्त होईल; आकडा खरा आहे, ओळ खोटी आहे. खरं लिहिलं तर चाचणी रद्द, आणि परवा वॉरंटी संपली. हे सगळं त्याला सकाळीच माहीत असायला हवं होतं, कुठल्याही तपासणीला शेवटी एक कागद असतोच. पेन हातात होतं. बाबा शेजारच्या खुर्चीत होते, चष्मा नाकावर सरकवून तीच ओळ वाचत होते, ओठ हलवत. त्याने ठरवलं, बाबा म्हणाले नको, तर नाही करायची. किती सोपं होतं ते. या खेपेला ते खोलीत होते.

"कर सही," बाबा म्हणाले. "तुझं गणित बरोबर असतं." मग चष्मा काढून खिशात ठेवता ठेवता, बाईंना ऐकू जाणार नाही इतक्या हळू, "तिच्या वेळीही बरोबरच होतं."

ते उठले आणि गाडी बघायला बाहेर गेले. काचेतून त्यांची पाठ दिसत होती.

हॉस्पिटलची फाइल कपाटात होती, खालच्या खणात, त्यांच्याच धोतरांच्या घडीखाली, आणि बाबा तो खण रोज उघडतात हे मला कधी सुचलंही नव्हतं. माहीत होतं त्यांना. केव्हापासून? त्याने दोन वर्षं त्यांच्या रागाची तयारी करून ठेवली होती. ते ओरडतील, रडतील, म्हणतील की माझ्या मागे का केलंस, आणि मग तो सगळं सांगेल, छातीचं, बुडवण्याचं, सात पॉइंट दोनचं, आणि अर्ध्यावर त्याला बोलवणार नाही आणि तिथं दोघांनाही मोकळं होता येईल. त्यातलं काहीच आता लागणार नव्हतं. बरोबर होतं म्हणाले.

"सर, इथं," बाई पुन्हा म्हणाल्या, नखाने जागा दाखवत.

हो, तो म्हणाला, आणि पेनचं टोक कागदावर टेकवलं. काचेपलीकडे बाबा बॉनेटच्या कडेवर हात ठेवून वाकून आत बघत होते, आणि त्यांच्याकडे बघता बघता त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं — स्पष्ट, दुखण्यासारखं — की आपलं गणित कुठंतरी, एकदा तरी, चुकायला हवं होतं.