तिसरी धार

मी काठी बोलतेय. दचकू नका, मारायची नव्हे; चालताना हातात धरायची. नदीकाठच्या एका लहानशा शहरात राहते. शहर म्हणायचं ते बाजारात दोनमजली घरं आहेत म्हणून. बाकी सगळा कारभार गावासारखाच. तिथे नदीकडे तोंड करून चार खोल्यांचं पाहुण्यांचं घर आहे. त्याच्या दारामागच्या कोपऱ्यात माझी जागा.

घर चालवतात ती दोघं नवरा-बायको. पाहुणे तिला मावशी म्हणतात आणि त्यांना काका. धबधब्याच्या वाटेवर वाऱ्याने एक झाड पडलं होतं. त्याची सरळ फांदी काकांनी घरी आणली, सोलली, तेल पाजलं, मुठीला दोरी गुंडाळली. तीच मी.

रोज सकाळी कुणी ना कुणी मला उचलायचं. कुणाला तळ्यावरचे पक्षी बघायचे असत, कुणाला वटवाघळांची गुहा, बहुतेकांना मात्र धबधबा. माणसं मी पुष्कळ पाहिली. साप म्हणून भुई धोपटणारे पाहिले, फोटोपुरतं मला हातात धरणारे पाहिले. चढण लागली की नवरा-बायकोची भांडणं थांबतात, कारण दम कुणाला असतो? उतारावर ती पुन्हा सुरू होतात.

नाश्ता वाढताना मावशी प्रत्येकाला धबधबा समजावून सांगायची. "तीन धारा आहेत बरं का. दोन समोर, तिसरी आत, खडकाआड. नीट बघा, नाहीतर चुकेल."

आता खरं सांगते. धारा दोनच आहेत. मी त्यांच्याखाली कितीदा उभी राहिले आहे. तिसरी काकांची. एका हंगामात काका रोज पाहुण्यांबरोबर भटकायला आणि मावशी रोज चुलीपाशी. ती फुरंगटून बसली. मग काकांनी तिची समजूत काढायला घरी येऊन नवलाची गोष्ट सांगितली, की आज तिसरी धार दिसली. मावशीची कळी खुलली. आणि गंमत अशी, की त्यानंतर जो पाहुणा परतला तो म्हणाला, "हो हो, दिसली की." आपल्यालाच दिसली नाही असं कोण कबूल करणार?

मावशीने धबधबा पाहिलेलाच नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं. पण तिचा दोष नव्हता. धबधबा पावसाळ्यात पडतो आणि पाहुणेही पावसाळ्यातच येतात. पाहुणे गेले, तिला सवड मिळाली, की तिथे उरायचा नुसता कोरडा खडक. सगळा संसार असाच गेला. संध्याकाळी माझ्या अंगाचा चिखल धुताना ती मला विचारायची, "काय गं, पाणी कसं होतं आज?" मला फार वाईट वाटायचं.

मग तिच्या हातून कडेचे कप पडायला लागले. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपा. समोरचं दिसत होतं, बाजूचं पुसलं जात होतं. त्या रात्री ती काकांना एवढंच म्हणाली, "धबधबा तेवढा राहिला हो बघायचा."

आणि ऐन हंगामात नदीवरच्या पुलाला तडा गेला. रस्ता बंद. येत नाही म्हणून पाहुण्यांचे फोन आले. काका तोंड पाडून बसले.

मावशी म्हणाली, "अहो, घर रिकामं आणि धबधबा भरलेला. असं कधी झालंय? उद्या आपण जाऊ."

काकांना घाम फुटला. "चढ फार आहे गं. त्यात तुझे डोळे असे."

"डोळे असे आहेत म्हणूनच."

सकाळी दोघं दाराबाहेर पडतात तोच समोर एक तरुण जोडपं उभं. पूल बंद, म्हणून होडीतून आलेलं, बूट ओलेचिंब. खोली मिळेल का, म्हणाले. काकांनी सुटका झाल्यासारखी पिशवी खाली ठेवली. मावशीने मात्र किल्ली त्या मुलीच्या हातात दिली. "डाव्या हाताची खोली तुमची. चहा-साखर ओट्यावर आहे, करून घ्या. आमच्यासाठीही ठेवा, संध्याकाळी येतो." आणि पिशवी उचलून ती चालायला लागली.

त्या वाटेवर मी तिच्या हातात पहिल्यांदाच होते. पाहुण्यांकडून ऐकून तिला प्रत्येक वळण पाठ होतं. अर्ध्या चढावर काका म्हणाले, "ती तिसरी धार आहे ना, ती कधी कधी नसते हं."

"असं?" ती म्हणाली.

धबधबा समोर आला तेव्हा ती थांबली. तिला दोन्ही धारा एका नजरेत मावेनात. तिने एक पाहिली, मान वळवून दुसरी पाहिली. डोळे पुसले आणि पुन्हा पहिलीपासून पाहिलं. मग हळूहळू मान आणखी वळवली, खडकाकडे.

काकांना राहवेना. पण धबधब्यापाशी हळू आवाजात काही कबूल करता येत नाही. ते ओरडले, "अगं, तिसरी नाहीच! मी रचून सांगितलं होतं!"

"ठाऊक आहे!" तीही ओरडली. "एका पाहुण्यांची छोटी मुलगी कधीच सांगून गेली, दोनच आहेत म्हणून."

काका तिच्याजवळ सरकले. "मग सगळ्यांना तीन का सांगत होतीस?"

"तुम्ही माझ्यासाठी आणली होती ना ती. टाकून कशी देऊ?"

काका ओल्या दगडावर बसले. मला खाली ठेवून मावशीही टेकली आणि दोघं पाण्याकडे बघत राहिली. मी दोघांच्या मध्ये आडवी पडले होते आणि मला अतिशय सुख झालं.

संध्याकाळी त्या जोडप्याने चहा केला. फार गोड झाला होता. मुलीने विचारलं, "मावशी, धबधबा कसा आहे इथला?" काकांनी कपात नजर घातली.

मावशी म्हणाली, "दोन धारा आहेत. मी बघून आले."

आता पूल दुरुस्त झालाय. पाहुण्यांना नव्या काठ्या मिळतात, मी मावशीची. मुलाला म्हातारपणाची काठी म्हणतात. या दोघांना मूल नाही, मी आहे. अंगणातून नदीच्या पायऱ्यांपर्यंत आम्ही जातो. तिला पाणी ऐकू येतं, दिसतं ते थोडंसंच.

कधी इकडे आलात तर धबधब्याला जरूर जा. परतल्यावर घटकाभर तिच्याजवळ बसा आणि जेवढं पाहिलं तेवढंच सांगा. ती अजून मला रोज विचारते, "काय गं, पाणी कसं होतं आज?" आणि मला सांगता येत नाही.