कर्ता कुठून आणलास?

टकळीचं खरं नाव वर्गात कोणालाच आठवायचं नाही. हजेरी घेताना मॅडमसुद्धा अडखळायच्या. सकाळी लॅबचं दार उघडलं की हिचं तोंड सुरू, आणि संध्याकाळी उरलेलं सगळं वॉचमनकाकांना ऐकवून मगच बाई घरी. कॉम्प्युटर फॉरेन्सिक्सचं शेवटचं वर्ष होतं. घरच्यांना एवढंच कळलेलं की पोरगी 'हॅकिंगचं काहीतरी' शिकते. मामा तर आला की दार लोटून घ्यायचा आणि हळूच विचारायचा, "काय गं, शेजाऱ्यांचं वायफाय मिळेल का?"

तर या टकळीचं आणि मॅडमचं एकाच गोष्टीवरून वाजायचं. रिपोर्टवरून. मॅडमचं अर्धं आयुष्य कोर्टात साक्षी देण्यात गेलेलं. टकळी जीव तोडून डिस्क तपासायची, सगळ्यांच्या आधी उत्तर काढायची, आणि रिपोर्टात ठोकून द्यायची: 'त्याने फाइल पुसली.' की आलाच लाल गोल.

"कर्ता कुठून आणलास?" मॅडम विचारायच्या. "डिस्कमध्ये सापडला? खुर्चीत कोण बसलं होतं ते डिस्कला दिसतं का? फाइल पुसली गेली. या खात्यातून पुसली गेली. बस्स, तोंड बंद."

मागच्या बाकावरून एक शहाणा म्हणाला, "म्हणजे कर्मणी प्रयोग ना, मॅडम?"

"'त्याने फाइल पुसली' हासुद्धा कर्मणीच असतो, अतिशहाण्या. घरी जाऊन व्याकरण उघड. मला प्रयोगाचं काही पडलेलं नाही. मला त्या वाक्यात माणूस नकोय."

सगळा वर्ग हसला. टकळीही हसली. पुढच्या रिपोर्टात पुन्हा 'त्याने'. तिला वाटायचं, अरे, दिसतंय ना स्वच्छ, मग बोलायला काय जातं?

आणि मग एका संध्याकाळी आई घरी आली ती चपला न काढताच खुर्चीत बसली.

आई दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला. फोन घेणं, नंबर लावणं, पेशंटचे एक्स-रे कॉम्प्युटरवर नीट ठेवणं, सगळं तीच बघायची. घरात चपला घालून तिला कधी कोणी बघितलंच नव्हतं.

"काय झालं गं?"

"एक्स-रेचं फोल्डर गेलं. सगळंच्या सगळं. डॉक्टर म्हणतात, तुमच्याच लॉगिनमधून गेलंय. महिनाअखेरपर्यंत दुसरीकडे बघा म्हणाले."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी केलं नाही म्हटलं. तर म्हणाले, मग काय भुताने केलं? मध्ये रजा नाकारली ना त्यांनी, त्याचा राग काढला असं वाटतंय त्यांना." "इतकी वर्षं काम केलं तिथे, आणि राग काढला म्हणे."

टकळी उसळलीच. "त्या डॉक्टरचे दात त्याच्याच घशात घालते की नाही बघ!"

"डॉक्टरांना अरे-तुरे करायचं नाही," आई म्हणाली, आणि मग कुठे चपला काढल्या.

दुसऱ्या दिवशी टकळी लॅबमध्ये शिरली ती थेट मॅडमच्या टेबलापाशी. एका दमात सगळं सांगितलं आणि वर, "मी आजच जाते, डिस्क काढते आणि—"

"तू डिस्कला बोट लावायचं नाहीस."

"मॅडम!"

"आईच्या बाजूने निकाल लागला तर डॉक्टर काय म्हणतील? लेक आहे, म्हणणारच. मी फोन करते त्यांना. हवेत ना एक्स-रे परत? लेखी परवानगी दिली तर गोगलगाय जाईल."

गोगलगाय! टकळीने कपाळाला हात लावला. हा तिच्या शेजारच्या बाकावरचा मुलगा, आणि नाव अगदी शोभून दिसायचं. पेनचं टोपण काढायलासुद्धा विचार करणारा. टकळीचं उत्तर निघायचं तेव्हा हा अजून डिस्कवर चिठ्ठी चिकटवत असायचा.

डॉक्टर तयार झाले. दुरुस्तीवाल्याने आधीच हात वर केले होते, त्यामुळे त्यांनाही दुसरा रस्ता नव्हता. टकळीला दवाखान्याच्या दारात उभं राहायची परवानगी मिळाली, हात खिशात घालून. आई काउंटरमागे फोन घेत होती आणि लेकीकडे बघायचं टाळत होती. आणि गोगलगायीने काय केलं? फोटो काढले. स्क्रीनचा, वायरींचा, कीबोर्डचा, माउसचा, मागच्या धुळीचा.

"अरे बाबा, लग्नाचा अल्बम करतोयस का?" टकळी दारातून कुजबुजली.

"हात लावायच्या आधी जसं होतं तसं," तो म्हणाला आणि आणखी एक काढला.

लॅबमध्ये आल्यावर त्याने डिस्कला ती छोटी डबी लावली, जिच्यामुळे डिस्क वाचता येते पण तिच्यावर एक अक्षरही लिहिलं जात नाही. हुबेहूब कॉपी काढली. मूळ डिस्क सीलबंद. मग कॉपीत शोधाशोध. टकळी त्याच्या खुर्चीमागे येरझाऱ्या घालून घालून फरशी झिजवत होती.

"सापडलं," तो म्हणाला. "फोल्डर कचरापेटीत गेलेलं. मग दुरुस्तीच्या वेळी मशीन साफ होताना कचरापेटीच रिकामी केली गेली. पण डिस्कवर आहेत सगळे. येतील परत."

टकळीने आनंदाने त्याच्या पाठीत धपाटा घातला. बिचारा चष्म्यासकट पुढे गेला.

"पण," तो चष्मा सारखा करत म्हणाला, "पुसलं गेलं ते काकूंच्याच खात्यातून. दुपारी."

टकळी शेजारच्या खुर्चीत बसली. आणि तिच्या तोंडून निघालं, "म्हणजे आईनेच..."

वाक्य अर्ध्यातच थांबलं. पण थांबायला उशीर झाला होता. कर्ता आणला होता. तिनेच, आणि तोही आपल्या घरातला. पहिल्यांदाच त्या लाल गोलाचा अर्थ तिला लागला. टकळी गप्प! लॅबमध्ये पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.

गोगलगायीने तिच्याकडे बघितलं नाही. तो फोटो चाळत होता. मग शांतपणे म्हणाला, "काकू डावखुऱ्या आहेत?"

"हो. का?"

"माउस कीबोर्डच्या डावीकडे आहे." त्याने कॉपीत डोकावून एक सेटिंग उघडलं. "आणि त्यांच्या खात्यात माउसची बटणं उलटी केलेली आहेत. उजव्याचं काम डाव्याला, डाव्याचं उजव्याला. कोणी केलं असेल?"

टकळीचे कान लाल झाले. "मी," ती म्हणाली. "पहिल्या वर्षाला असताना. नवीन शिकले होते ना, म्हणून जाऊन करून दिलं आईला."

"मग काकू जागेवर नसताना दुसरं कोणी बसलं, तर?"

त्याने ती कॉपी लॅबच्या मशीनवर चालू केली आणि माउस तिच्यापुढे सरकवला. टकळीने सवयीने क्लिक केलं. फोल्डर उघडलंच नाही, कामांची लांबलचक यादी उघडली. पुन्हा क्लिक, पुन्हा यादी. आणि त्या यादीत, बरोबर बोटाखाली, 'पुसा'.

टकळी ताडकन उठली. "डॉक्टर! आई जेवायला गेली आणि क्वचित कधी एक्स-रे लागला, तर ते येऊन बसतात तिथे! त्यांनीच पुसलं!"

"कर्ता कुठून आणलास?" दारातून मॅडम म्हणाल्या.

शनिवारी मॅडम, गोगलगाय आणि टकळी दवाखान्यात गेली. टकळीच्या तोंडाला कुलूप, अशी अटच होती. आई काउंटरपाशी हाताची घडी घालून उभी. डॉक्टर घाईत होते, गळ्यात मास्क लोंबत होता.

गोगलगायीने रिपोर्ट वाचला. या खात्यातून फोल्डर पुसलं गेलं. खात्यात माउसची बटणं उलटी आढळली. खुर्चीत कोण होतं हे डिस्कवरून सांगता येत नाही.

"बरं, मग मी काय समजायचं?" डॉक्टर म्हणाले.

"सर, आधी सगळे एक्स-रे आलेत का बघता?" गोगलगायीने लॅपटॉप काउंटरवर ठेवून तिथलाच माउस त्याला जोडला. "कॉपी आहे, बिनधास्त हात लावा."

डॉक्टर बसले. माउस डावीकडे होता, तो उचलून उजवीकडे घेतला. क्लिक. यादी. पुन्हा क्लिक. यादी. टकळीने खालचा ओठ दातांत घट्ट धरला होता.

"हे बघा, त्या दिवशीही असंच!" डॉक्टर वैतागले. "उघडतच नाही, नुसती यादी नाचवतं तोंडासमोर. पेशंट खुर्चीत आ करून बसलेला. शेवटी कुठेतरी दाबलं एकदाचं आणि मी उठून—"

ते थांबले. बोट माउसवरच राहिलं.

मॅडमनी रिपोर्टची घडी घातली. इतका वेळ ओठ चावून टकळीला रक्ताची चव आली होती, पण आता तिला काही म्हणायचंच नव्हतं. डॉक्टरांचा चेहरा बघवत नव्हता.

"बाई," डॉक्टर आईकडे वळून म्हणाले, "मी... मी पुसलं ते. आणि तुम्हाला काय काय बोललो."

आईने हातांची घडी सोडली. "पुसलं गेलं, डॉक्टर," ती म्हणाली. "पेशंट खुर्चीत असला की होतं असं." आणि वर, "बोललात ते मात्र तुम्हीच बोललात."

"हो," डॉक्टर म्हणाले. "ते मीच बोललो. माफ करा." त्यांनी गळ्यातला मास्क काढून खिशात कोंबला. "आणि ती तुमची रजा—"

"ती मी घेणारच आहे."

टकळीला फिसकन हसू आलं. तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला. आईने जाता जाता माउस उचलून पुन्हा डावीकडे ठेवला आणि फोन घेतला.

"दवाखाना. हं, बोला. हो हो, आहे ना तुमचा एक्स-रे."