बोटांना कळेनासं झालं तेव्हा

उकळत्या पाण्याचं भांडं वहिनींनी उचलून ओट्यावर ठेवलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की फडकं तर खांद्यावरच आहे. उजव्या हाताची तीन बोटं लालभडक झाली होती, एकावर फोड उठत होता. दुखत मात्र काहीच नव्हतं. त्या कितीतरी वेळ बोटांकडे बघत उभ्या राहिल्या. दोन्ही हातांना मुंग्या गेल्या हिवाळ्यापासून येत होत्या, पण तेव्हा हात झटकले की जायच्या. आता झटकूनही काही होत नव्हतं.

दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर चाललं असतं. पण यांच्या बोटांवर एकोणीस माणसांची खाण उभी होती.

खाण त्यांच्या नवऱ्याने आणि धाकट्या दिराने मिळून सुरू केलेली. नवरा गेला, तेव्हापासून दीर एकटाच बघत होता. विहिरीसारख्या उभ्या भुयारातून खाली उतरायचं आणि खडकातून गेलेली ग्राफाइटची शीर धरून पुढे सरकायचं. शीर कुठे हातभर रुंद, कुठे चार बोटंसुद्धा नाही. डोंगरापलीकडे मोठ्या कंपनीची उघडी खाण होती. तिथली यंत्रं दगडाचा भुगा करून तो तेजाबात धुवायची, आणि इथे वर्षभरात निघायचा तेवढा माल दुपारच्या जेवणाआधी काढायची. पण इथल्यासारखा अखंड, चकचकीत, जमिनीतूनच शुद्ध निघालेला खडा त्यांच्याकडे नव्हता.

"ते टनांनी मोजतात, आपण खड्यांनी," असं दीर प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. गिऱ्हाइकाला हवा तसा माल आठवड्याभरात निवडून द्यायचा, एकच पेटी हवी असेल तर एकच द्यायची, ही त्यांची खासियत. विजेच्या मोटारींचे कार्बन ब्रश बनवणारा एक कारखाना गेली अकरा वर्षं फक्त त्यांच्याकडूनच पहिल्या नंबरचा माल घेत होता, तो याचमुळे.

आणि पहिला नंबर ठरवायच्या वहिनी. निवडीच्या शेडमध्ये लांब टेबलाशी पाच बायका बसायच्या, शेवटचा हात वहिनींचा. चांगला खडा साबणासारखा बोटाखालून सरकतो. आत गारगोटीचा कण असला, तर कुठेतरी किंचित अडतं. ते अडणं डोळ्याला दिसत नाही.

पोळलेल्या बोटांना पट्टी बांधून वहिनी त्या दिवशीही शेडमध्ये गेल्या आणि वजनाच्या, चकाकीच्या अंदाजाने खडे बाजूला काढत राहिल्या. नंतरचे तीन महिने त्यांनी तेच केलं. घरी कुणाला सांगितलं नाही, डॉक्टरकडे गेल्या नाहीत. आज जरा बरं वाटतंय, असं रोज सकाळी मनाला सांगायच्या.

मग कारखान्याने माल परत पाठवला. पाचच्या पाच पेट्या. सोबत पत्र होतं: मालात गारगोटी सापडली, आमची यंत्रं खराब झाली, येत्या गुरुवारी आमच्या रसायनतज्ज्ञ बाई निवड बघायला येतील, त्यानंतर पुढचं ठरवू.

दीर पत्र हातात घेऊन शेडमध्ये आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"कुणाच्या हातून गेलं हे?"

वहिनींच्या शेजारी चिमणी बसायची. सतत चिवचिवत असते म्हणून तिला हे नाव पडलेलं. ती चार वर्षं वहिनींच्या हाताखाली शिकत होती.

"बघ, तोंड चालू असलं की हात चुकणारच," दीर तिच्यावर घसरला. "उद्यापासून येऊ नकोस."

चिमणीने वहिनींकडे पाहिलं. तिचा हात चुकत नाही हे वहिनींइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. वहिनी समोरच्या टोपलीकडे बघत राहिल्या. चिमणीने एप्रन काढून नीट घडी घातली, टेबलावर ठेवला आणि गेली.

खरं सांगितलं तर खाण बुडणार, या भीतीने आपण गप्प बसलो, असं वहिनी त्या दिवशी स्वतःला समजावत होत्या. पण ते अर्धंच खरं होतं. बोटं गेली तर या घरात आणि या शेडमध्ये आपण कोण, ही खरी भीती होती.

गुरुवारी रसायनतज्ज्ञ बाई आल्या. डोळ्यांवर चष्मा, कामापुरतं बोलणं. त्यांनी पिशवीतून वीस खडे काढून टेबलावर मांडले.

"यातले काही शुद्ध आहेत, काही नाहीत. मी तपासून आणलेत. मला तुमचं काम बघायचंय."

"बघा ना!" दीर उसनं हसला. "आमच्या वहिनींची बोटं हीच आमची प्रयोगशाळा."

वहिनींनी पहिला खडा उचलला, बोटं फिरवली. काही नाही. दुसरा उचलला. जणू दुसऱ्याच कुणाचा हात तो खडा धरून होता. शेडमधल्या तिन्ही बायका टक लावून बघत होत्या. चौथी खुर्ची रिकामी होती.

"मला कळत नाही," वहिनी म्हणाल्या.

"काय कळत नाही?" दिराने विचारलं.

"भाऊजी, माझी बोटं बधिर झालीत. तीन महिने झाले. तो माल माझ्या हातून गेला. चिमणीचा काही दोष नव्हता."

दीर खालीच बसला. भिंतीला टेकून, दोन्ही हात डोक्यावर. "वहिनी, मला तरी सांगायचंत," एवढंच म्हणाला.

बाईंनी खडे परत पिशवीत भरले. "तीन आठवडे देते. एक पेटी पाठवा. ती नापास झाली तर आम्ही पलीकडच्या कंपनीचा धुतलेला माल घेऊ."

त्याच संध्याकाळी वहिनी चिमणीच्या घरी गेल्या. चिमणी नुकतीच मोठ्या कंपनीतून पोती शिवून आली होती.

"परत ये," वहिनी म्हणाल्या. "तुझ्याशिवाय जमणार नाही."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मी तुमच्याकडे बघत होते, वहिनी. तुम्ही मानसुद्धा वर केली नाहीत."

"चुकलं माझं. पाया पडते तुझ्या."

"नका पडू. माझा राग जाईल कधीतरी. पण मी त्या टेबलाशी आता बसणार नाही." तिने पाणी दिलं, दारापर्यंत सोडायला आली, आणि दार लावून घेतलं.

तीन आठवडे वहिनी उजाडल्यापासून शेडमध्ये होत्या. दोन्ही हात निकामी होते, म्हणून त्यांनी खडा खालच्या ओठावर फिरवून पाहिला. ओठाला कळत होतं! गारगोटीचा कण बारीकसा बोचत होता. मग त्या एकेक खडा ओठावर घासत राहिल्या. हनुवटी काळी व्हायची, ओठ फाटून रक्त यायचं, ते पुसून पुढचा खडा. दीर रोज येऊन दारात उभा राहायचा, बघवेना म्हणून निघून जायचा.

पेटी पास झाली. बाईंचा फोन आला तेव्हा दिराने "थँक्यू" तीनदा म्हटलं आणि मग नुसतं ऐकत राहिला. कारखाना यापुढे निम्माच माल घेणार होता. पेटी कशी निवडली ते दिराने आधीच कळवलं होतं; एका माणसाच्या ओठावर आम्ही कारखाना चालवू शकत नाही, बाईंनी सरळ सांगितलं. त्यात खोटं काहीच नव्हतं.

खाणीचा खालचा मजला बंद करावा लागला. पाणी उपसणारा पंप काढला, आठवड्याभरात तिथे छातीएवढं पाणी भरलं. सात माणसं कमी झाली. त्या सातांच्या घरी दीर गेला तेव्हा वहिनीही बरोबर गेल्या. एका घरातून त्यांना बाहेरच्या बाहेर हाकलून दिलं.

डॉक्टरांनी दोन्ही मनगटांतली नस दबल्याचं सांगितलं. ऑपरेशन करू, पण उशीर झालाय, बोटांचं काही सांगता येत नाही, म्हणाले.

"माझंही नाव कमी केलेल्यांत घाला, भाऊजी," वहिनी घरी आल्यावर म्हणाल्या.

"मग उरलेल्यांना शिकवणार कोण?" दीर त्यांच्याकडे न बघता म्हणाला. तो पूर्वीसारखं बोलत नव्हता. कदाचित कधी बोलणारही नव्हता.

दुसऱ्या दिवशी वहिनी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, उभ्याने, तिघींच्या समोर होत्या. सगळ्यात नवखीच्या हातात त्यांनी एक खडा दिला.

"काय लागतंय?"

"काही नाही. गुळगुळीत आहे."

"डोळे मीट. सावकाश फिरव."

तिने डोळे मिटले. बराच वेळ गेला. वहिनी वाट बघत उभ्या राहिल्या.

"इथे," ती म्हणाली, "इथे थोडंसं अडतंय."