जोडलेली चिन्हं

एकदा डोक्यात खूळ शिरलं की मला दुसरं काही सुचत नाही. रत्नागिरीत मारुती मंदिरापाशी माझा प्रोग्रामिंगचा क्लास आहे. गणपती झाले आणि खूळ शिरलं ते लिगेचरचं. म्हणजे आपल्या जोडाक्षरांसारखाच प्रकार: कोडमधली दोन चिन्हं शेजारी आली की फॉन्ट त्यांचं एकच देखणं चिन्ह करून दाखवतो. ‘समान नाही’ म्हणायला आपण उद्गारचिन्ह आणि त्यापुढे बरोबरचं चिन्ह टाइप करतो, पण पडद्यावर दिसतं तिरकी रेघ मारलेलं बरोबरचं चिन्ह, गणितात असतं तसं. मी कोड ज्यात लिहितो त्या एडिटरमध्ये याला साधं बटण नव्हतं. स्टाइलची वेगळी फाइल करून त्यात चार ओळी लिहिल्या, तेव्हा कुठे जमलं. मग काय, स्वारी खूश. त्याच पडद्याचे फोटो क्लासच्या ग्रुपवर टाकत सुटलो.

माझी विद्यार्थिनी दर्शना तेव्हा पाय मोडून गावी, नाट्याला, घरी पडून होती. घरी कॉम्प्युटर नाही. तो सगळा भाग ती बिचारी मोबाइलवर माझे फोटो बघून, पेनाने उतरवून शिकली. हे मला ठाऊक होतं बरं का.

माझ्याबरोबर कॉलेजात असलेल्या हेमाने इथे ऑफिस काढलंय. तिला दोन माणसं हवी होती. आपल्याकडे कोडसुद्धा आधी कागदावर लिहायला लावतात, तशी तिने परीक्षा घेतली आणि नावांवर पट्ट्या चिकटवून पेपर माझ्याकडे तपासायला दिले. एका पेपरात जिथे तिथे ती रेघ मारलेली चिन्हं. माझं टाळकंच सरकलं. कोडमध्ये असलं चिन्ह चालतच नाही. कुठल्या शहाण्याने शिकवलंय हे? लाल फराटे ओढले, नापास केलं आणि गठ्ठा हेमाकडे देऊन आलो.

क्लासवर येऊन एडिटर उघडला, तर समोर तीच रेघ मारलेली चिन्हं. तो शहाणा मीच होतो, आणि तो पेपर दर्शनाचा.

तेव्हाच हेमाला फोन करायला हवा होता. नाही केला. ती हसेल, चार जणांना सांगेल, क्लासला कोण येणार मग? उद्या बघू म्हटलं. रात्री जेवण गेलं नाही, आणि जाऊ नयेच.

सकाळी दर्शना लंगडत आली. निकाल तिला कळला होता.

“सर, माफ करा. तुम्ही एवढं शिकवलंत आणि मी क्लासचं नाव घालवलं.”

मला तिच्याकडे बघवेना. तिच्यासमोरच स्पीकरवर हेमाला फोन लावला.

“हेमा, दर्शनाचा पेपर परत काढ. तिने लिहिलं ते माझ्या पडद्यावरून. चूक माझी आहे, तिची नाही.”

“अरे मुकुल, काल संध्याकाळीच सांगायचंस ना. आज सकाळी दोघांना नेमणुकीची पत्रं दिली मी. आता काय करू?”

मी फोन ठेवला. दर्शनाने सगळं ऐकलं होतं. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

“तुम्हाला कालच कळलं होतं, सर?” तिने विचारलं.

“हो,” म्हटलं.

तिने मान हलवली आणि समोरच्या बाकावर बसली. “मग ते चिन्ह खरं कसं लिहायचं, ते तरी आता दाखवा.”