खैरनार वकिलांचा प्रश्न

नाशिकच्या व्यापाऱ्यांत ज्ञानेश खैरनारांना शत्रू कोणी म्हणत नसे, पण लग्नाची पत्रिकाही कोणी देत नसे. विमा कंपन्यांच्या वकिलाला देणार तरी कोण? दुकान जळालं आणि आग मालकानेच लावली असा संशय आला, की फाइल खैरनारांकडे यायची. कोर्टात ते इकडचं तिकडचं विचारायचे आणि शेवटी चष्मा काढून म्हणायचे, "आग लागली तेव्हा दुकानातले देव कुठे होते?"

हा त्यांचा हुकमी एक्का. माणूस स्वतःच्या दुकानाला काडी लावेल, पण देवांना लावणार नाही. आधी ते गुपचूप घरी नेईल. भलेभले बिलंदर इथे आडवे झाले होते. परिणाम असा, की खैरनार साधा टॉवेल घ्यायला दुकानात शिरले तरी मालकाची नजर आधी गल्ल्यावरच्या गणपतीकडे जायची. बायको संध्या होती तोवर ते घरी येऊन तिला त्याची नक्कल करून दाखवत. ती गेली, लेक लग्न होऊन बंगळूरला गेली, आणि गंगापूर रोडच्या त्या फ्लॅटमध्ये नक्कल बघायला कोणी उरलं नाही.

२००२ साली दिंडोरीच्या हिरामणचा दावा आला. मंडपवाला माणूस. कनाती, गाद्या, बांबू, सगळं गोदाम खाक झालेलं. गोदामात वीज नव्हती, म्हणजे शॉर्टसर्किटची सबब गेली. आणि आगीच्या थोडं आधी तो खंडोबाचे टाक पिशवीत घालून घरी नेताना शेजाऱ्यांनी पाहिला होता. खैरनारांसाठी हा डाव्या हातचा खेळ होता.

"देव घरी होते," पिंजऱ्यात हिरामण म्हणाला.

"का नेले होते?"

न्यायाधीशांनीही विचारलं, तेव्हा हिरामण म्हणाला, "ते सांगता यायचं नाय, साहेब."

कोर्टात खसखस पिकली. खैरनार समाधानाने फाइल मिटणार, तोच सर्व्हेअरने काढलेला एक फोटो वर आला. राखेत एक लोखंडी खाट, आणि खाटेच्या खाली शेगडी. हा फोटो त्यांनी आधीही पाहिला होता. कामगारांनी चहाला ठेवली असेल, असं धरून चालले होते. पण चहाची शेगडी खाटेखाली कोण सरकवतं? खाटेखाली शेगडी ठेवतात ती बाळंतिणीला शेक द्यायला. लेकीच्या, तृप्तीच्या वेळी संध्या माहेरी अशाच खाटेवर निजली होती, आणि सोयर फिटेपर्यंत तिच्या आईने देव शेजारी नेऊन ठेवले होते.

आता एकच प्रश्न उरला होता, गोदामात कोण बाळंत झालं? त्यांनी हिरामणकडे पाहिलं. त्याची नजरही त्या फोटोवरच खिळली होती आणि चेहरा पांढरा पडला होता.

"आणखी काही विचारायचं नाही," खैरनार म्हणाले.

दावा फेटाळला गेला. आग वादीनेच लावली, असं निकालात आलं. कोर्टाच्या व्हरांड्यात खैरनार हिरामणजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "मुलगा की मुलगी?"

हिरामण दचकला. आजूबाजूला बघून म्हणाला, "पोरगी. माझा मंडप बांधणारा मंगळू, त्याची बायको. दिस भरले व्हते, हरसूलला गावी जायाचं राहून गेलं. मग गोदामात जागा दिली. निखारा उडाला अन् कनातीला लागला. तिघं जीव वाचवून बाहेर आले."

"कोर्टात सांगायचं होतं."

"मंगळूला पोलिसांनी उचलला असता. वली बाळंतीण पोर घेऊन कुठं जाणार? अन् गोदामात माणसं ठेवली म्हणून तुमच्या कंपनीनं तसंबी हात वर केलेच असते."

हे खरंच होतं.

"तुम्ही वळखलं, अन् विचारलं नाय," हिरामणने हात जोडले.

खैरनारांना एकदम भरून आलं. किती वर्षांनी कोणी त्यांच्याशी असं मनापासून बोलत होतं. "एकदा दिंडोरीला येतो," ते म्हणाले. "बसू जरा. चहा घेऊ."

"नका येऊ, साहेब. ज्यानं बुडवलं त्याला चहा कशापायी पाजतो, असं गाव विचारंल. मग हळूहळू मंगळूचं नाव निघंल."

खैरनारांनी मान हलवली.

पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या एका जळालेल्या गाळ्याची पाहणी करायला त्यांना दिंडोरीला जावं लागलं. बाजारात चार माणसांत हिरामण उभा होता. कोणीतरी म्हणालं, "ए हिरामण, तो बघ तुझा वकील."

हिरामण पुढे आला. "याच माणसानं माझं वाटोळं केलं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, आणि मग त्याने तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. लोक जमले. खैरनार खाली मान घालून उभे राहिले. त्याचं बोलून संपेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. त्या अख्ख्या गर्दीत त्यांचं असं तेवढंच एक माणूस होतं.